वनप्रदेशातील पतपुरवठा आणि केंद्रीय वित्तखाते : चांदा-गडचिरोलीचा एक अभ्यास

चांदा जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासाचा विचार करू लागले असता एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते, ती ही की, येथे ऋणको कधीच बदलला नाही. धनको मात्र प्रत्येक पिढीत बदलत गेला. मालगुजार, सावकार, सरकारची तगाई, सहकारी संस्था आणि अखेरीस राष्ट्रीयीकृत बँक अशी ही परंपरा आहे. बँका, विमा आणि निवृत्तिवेतन यांची देखरेख करणारे केंद्र सरकारचे जे खाते आज वित्तीय सेवा विभाग म्हणून ओळखले जाते, ते या परंपरेतील सर्वांत अलीकडचा दुवा होय. त्याच्या धोरणाचे मोजमाप सामान्यतः शाखांच्या आणि खात्यांच्या संख्येवरून केले जाते. वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती यांच्या खोऱ्यांतील अरण्यप्रदेशाला हे माप कितपत लागू पडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ पासून चांदा प्रांत इंग्रजी अमलाखाली आला. निजामाकडील सिरोंचाचा मुलूख १८६० मध्ये त्याच अमलात आला. मध्यप्रांताच्या जमाबंदीने खालसा गावांत मालगुजाराला गावचा मालक ठरविले. पूर्वेकडील रानपट्ट्यात अहेरीसारख्या जमीनदाऱ्या कायम राहिल्या. मालगुजार हा केवळ सारा गोळा करणारा नव्हता. तलावाची पाळ बांधणे, पाणी वाटणे आणि पेरणीच्या वेळी कुळाला बियाणे व पोटाला धान्य देणे ही कामेही त्याच्याकडे असत. (पूर्व विदर्भातील हे तलाव आजही ‘माजी मालगुजारी तलाव’ याच नावाने ओळखले जातात. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, नाव मात्र पाण्याला चिकटून राहिले.)

धान्याच्या या उसनवारीचे दोन प्रकार रूढ होते, सवाई आणि दिढी. आषाढात एक खंडी धान उचलले तर सुगीत सव्वा किंवा दीड खंडी परत करावयाचे. सहा महिन्यांत पन्नास टक्के हा आकडा पाहून बहुतेक लेखकांनी दिढीचा धिक्कार केला आहे आणि तो वरकरणी योग्यही वाटतो. परंतु येथे जरा थांबून हिशेब करणे अगत्याचे आहे. समजा, आषाढात धानाचा भाव खंडीला तीस रुपये आहे आणि सुगीत तो वीस रुपयांवर उतरला. एक खंडीची दिढी म्हणजे दीड खंडी, तिची सुगीतील किंमत तीस रुपयेच होते. रुपयांच्या भाषेत व्याज शून्य! हेच कर्ज सावकाराने तीस रुपये रोख असे वहीत मांडले आणि सवाईने, म्हणजे निम्म्या दराने व्याज लावले, तर साडेसदतीस रुपये फेडण्यासाठी कुळाला पावणेदोन खंडीहून अधिक धान विकावे लागेल. म्हणजे दर कमी, पण धान जास्त. धान्याचे कर्ज रुपयांत मांडले जाऊ लागले, तेव्हा ऋणकोच्या डोक्यावर एक नवा बोजा आला. तो बोजा व्याजाच्या दरात कोठेच दिसत नाही. दिढीत धनकोचा खरा नफा होई तो ते धान पुढील आषाढापर्यंत कणगीत ठेवण्याच्या ऐपतीमुळे. कुळाजवळ ही ऐपत नव्हती. या प्रदेशातील दारिद्र्याची किल्ली व्याजापेक्षा या कणगीत अधिक आहे, असे म्हणावे लागते.

सरकारी उपायांनी मात्र व्याजाकडेच लक्ष दिले. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाईची सोय झाली. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्या आल्या आणि १९१२ च्या कायद्याने मध्यवर्ती बँकांना मार्ग मोकळा झाला. मंदीच्या काळात मध्यप्रांताने १९३३ मध्ये कर्जतडजोडीचा कायदा करून या बाबतीत पुढाकार घेतला. पाठोपाठ १९३४ मध्ये सावकारीचा कायदा आला. या कायद्यांनी जुनी कर्जे हलकी झाली हे खरे, पण नव्या कर्जाचा प्रश्न त्यांनी सोडविला नाही. ज्याचा हात आखडला तो सावकार. ज्याचा हात अद्याप पोहोचला नव्हता ती सहकारी संस्था. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने सहकारी संस्थांचा वाटा अवघा तीन टक्क्यांच्या आसपास आणि सावकारांचा सुमारे सत्तर टक्के असल्याचे दाखविले. आकडे साऱ्या देशाचे असले तरी त्यांतून निघणारा निष्कर्ष वनप्रदेशास अधिकच लागू होता.

याच सुमारास जिल्ह्याची राजकीय चौकटही हलत होती. १९५६ मध्ये चांदा मध्यप्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पूर्वी हैदराबाद संस्थानात असलेला राजुरा तालुका १९५९ मध्ये जिल्ह्यास जोडला गेला. राजुऱ्याच्या कास्तकाराने त्यापूर्वी हाली शिक्क्यात, सात हाली म्हणजे सहा कलदार या हिशेबाने, देवघेव केलेली होती. एका जिल्ह्यात दोन राज्यांचे कायदे आणि दोन नाण्यांची आठवण घेऊन नवी पतव्यवस्था उभी राहावयाची होती.

वित्त खात्याचा हात प्रथम विम्याकडे वळला. १९ जानेवारी १९५६ च्या वटहुकुमाने आयुर्विमा सरकारच्या ताब्यात आला. त्या वेळी चिंतामणराव देशमुख हे अर्थमंत्री होते. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. बँकांची पाळी १९ जुलै १९६९ रोजी आली. चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर वित्त मंत्रालयात बँकिंगसाठी स्वतंत्र विभाग निर्माण झाला. पुढे तो कधी महसूल विभागाशी जोडला गेला, कधी आर्थिक व्यवहार विभागात सामावला आणि २००७ मध्ये विमा व निवृत्तिवेतनासह वित्तीय सेवा विभाग या नावाने स्वतंत्र झाला. जिल्हा हे एकक धरून बँकांनी काम करावे, ही कल्पना धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६९ मध्ये मांडली. तिच्यातून अग्रणी बँक योजना निघाली आणि चांदा जिल्हा बँक ऑफ इंडियाकडे आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाल्यावर तेथेही तीच बँक अग्रणी राहिली. १९७५ च्या वटहुकुमान्वये निघालेल्या प्रादेशिक ग्रामीण बँकांपैकी चंद्रपूर-गडचिरोली ग्रामीण बँक ही याच भागासाठी होती.

गाडगीळांच्या कल्पनेत क्षेत्राचा विचार होता. खात्याच्या अंमलबजावणीत तो लोकसंख्येचा झाला. डोंगराळ व आदिवासी भागात साधारण दहा हजार वस्तीमागे एक शाखा, असे प्रमाण पुढे ठरले. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, लोकसंख्या १०,७२,९४२, म्हणजे घनता ७४. या हिशेबाने प्रमाण तंतोतंत पाळले तरी एका शाखेच्या वाट्यास सुमारे १३५ चौरस किलोमीटरांचा मुलूख येतो. एटापल्ली आणि भामरागडकडे वस्ती आणखी विरळ, आणि पावसाळ्यात नदीनाल्यांनी अडविलेली. कागदावर जिल्हा बँकयुक्त होतो. माडिया कुटुंबाला मात्र शंभर रुपये काढावयासही एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते.

दुसरी अडचण तारणाची. बँकेला सातबारा हवा असतो. वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याजवळ तो नव्हता. ज्याच्याजवळ होता, त्याची जमीन बिगर-आदिवासीच्या हाती जाऊ नये म्हणून राज्याने १९७४ च्या सुमारास कडक निर्बंध घातले. ते आवश्यकच होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टा मिळाला, पण तो वारसाने जातो, हस्तांतरित होत नाही. जमीन वाचविणारा प्रत्येक कायदा जमिनीची तारण म्हणून असलेली किंमत कमी करतो, हा विरोध कोणत्याही एका खात्याच्या कक्षेत बसत नाही. १९७२ च्या चार टक्के व्याजाच्या कर्जयोजनेने तारणाचा आग्रह बाजूस ठेवला होता. परंतु बँकेच्या एकूण कर्जाच्या एक टक्का एवढेच तिचे उद्दिष्ट होते.

आता वरील हिशेब बँकेस लावून पाहावा. तीस रुपये दहा टक्के दराने सहा महिन्यांसाठी घेतले तर साडेएकतीस रुपये फेडावे लागतात. वीसच्या भावाने ते दीड खंडीहून किंचित अधिक भरतात. भावांतील फरक इतका मोठा असेल तर सरकारी बँक आणि दिढी यांत कुळाला धानाच्या मापाने काहीच अंतर राहत नाही! अर्थात, रस्ते झाले, आधारभूत भाव आले, तसा हा फरक आकुंचित होत गेला आणि तेवढ्या प्रमाणात बँकेचे रोख कर्ज खरोखर स्वस्त झाले. म्हणूनच १९७६ चा आदिवासींच्या आर्थिक स्थितीसुधारणेचा राज्यकायदा, त्यान्वये सुरू झालेली एकाधिकार खरेदी आणि आदिवासी विकास महामंडळाचे खावटी कर्ज ही या पतपुरवठ्याच्या इतिहासात बँकशाखांहून दुय्यम मानता येत नाहीत. खावटी हे पावसाळ्यातील पोटाचे कर्ज होते, जुन्या मालगुजाराच्या कणगीचेच सरकारी रूप. त्या योजनांच्या कारभाराविषयी तक्रारी पुष्कळ झाल्या; पण रोग त्यांनी नेमका हेरला होता, हे मान्य केले पाहिजे.

शेतीबाहेरील उत्पन्नाकडे तर पतव्यवस्थेचे लक्ष फार उशिरा गेले. चैत्रातील मोहफूल, वैशाखातील तेंदूपत्ता आणि बांबूची तोड ही येथील रोकड. १९६९ च्या राज्यकायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार नियंत्रित झाला, तरी पीककर्जाचे वेळापत्रक खरिपाचेच राहिले. वनहक्क मिळाल्यानंतर चित्र काहीसे पालटले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. अशा ग्रामसभा स्वतःच्या नावाने बँकेत खाते ठेवू लागल्या. ऋणको म्हणून ओळखले गेलेले गाव येथे प्रथमच ठेवीदार म्हणून बँकेच्या दारात उभे राहिले. त्यास कर्ज कोणत्या तारणावर द्यावयाचे, याचे उत्तर जुन्या नियमपुस्तकांत नव्हते.

ऑगस्ट २०१४ मधील जनधन योजनेने आणि मे २०१५ मधील विमा व अटल निवृत्तिवेतन योजनांनी खात्यांची संख्या झपाट्याने वाढविली. गावात येणारा ‘बँकमित्र’ ही अंतरावरील खरी तोड ठरली असती. पण त्याचे यंत्र चालावयास संपर्काचे जाळे लागते आणि दक्षिण गडचिरोलीत तेच अपुरे राहिले. निवृत्तिवेतनाच्या बाबतीत एक भेद ध्यानात ठेवणे जरूर आहे. संजय गांधी निराधार अनुदान ही १९८० पासूनची राज्याची मदत आहे; अटल योजनेत मात्र साठ वर्षांपर्यंत दरमहा वर्गणी भरावी लागते. ज्याच्या हाती वर्षातून दोनदाच रोकड येते, त्याला दरमहा ही अट जड जाते. पुढे तिमाही व सहामाही वर्गणीची मुभा दिली गेली, ती याच जातीच्या अडचणीमुळे.

दरम्यान ग्रामीण बँकेची चौकट विस्तारत गेली. चंद्रपूर-गडचिरोलीची बँक वैनगंगा-कृष्णा ग्रामीण बँकेत गेली, ती २०१३ मध्ये विदर्भ-कोकण ग्रामीण बँकेत, आणि १ मे २०२५ पासून साऱ्या राज्यासाठी एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक उरली आहे. तिचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगर येथे आहे.