ब्राउझरांची वहिवाट

वेबपानाच्या लेखकाने अक्षराच्या आकाराविषयी वा समासाविषयी अवाक्षर लिहिले नसले, तरी ब्राउझर ते पान उघडेबोडके ठेवीत नाही. मुख्य मथळा ठळक व दुप्पट आकाराचा, दुवा निळा व अधोरेखित आणि कडेला आठ पिक्सेलांचा समास, ही सारी व्यवस्था तो आपल्या अंगभूत शैलीपत्रकातून परस्पर लावून देतो. हॉकोन व्हिउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडलेली सीएसएस या शैलीपत्रकांच्या भाषेची तजवीज डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाणभूत ठरली, तेव्हा ब्राउझर, वाचक आणि लेखक या तिघांचेही अधिकार मान्य करून त्यांचा अनुक्रम तीत ठरविण्यात आला होता.

तंटा उपजला तो ब्राउझरागणिक वहिवाट निराळी असल्यामुळे. यादी आत सरकविण्यासाठी इंटरनेट एक्स्प्लोरर मार्जिन (घटकाबाहेरील मोकळी जागा) वापरी, तर मोझिला पॅडिंग (घटकाच्या आतील मोकळी जागा). दर्शनी दोन्ही सारखेच, परंतु लेखकाने मार्जिन शून्य करताच एकीकडे यादीचे ठिपके कडेबाहेर नाहीसे होत आणि दुसरीकडे यादी जागची हलत नसे. म्हणून २००४ मध्ये तांतेक चेलिक यांनी हे मूळ संस्कार पुसणारे शैलीपत्रक प्रसिद्ध केले, आणि त्याच सुमारास एका तारकाचिन्हाने सर्वच घटकांचे मार्जिन व पॅडिंग खालसा करण्याचा सरसकट हुकूमही प्रचारात आला. या हुकमाच्या तडाख्यात अर्जांतील चौकटी व बटणेही सापडत. तेव्हा २००७ मध्ये एरिक मेयर यांनी घटकांची नावानिशी यादी करून ‘रिसेट’ हे आपले सुप्रसिद्ध शैलीपत्रक सिद्ध केले.

त्यातही एक कलम घातक ठरले. कळफलकावरून पान चाळणाऱ्यास आपण कोठे आहोत हे दाखविणारी फोकसची चौकट त्याने रद्द होई. तिच्या जागी दुसरी खूण योजावी, अशी ताकीद मेयर यांनी तेथेच लिहून ठेवली होती, परंतु असंख्यांनी कलम तेवढे उचलले आणि ताकिदीकडे काणाडोळा केला. २०११ च्या सुधारित आवृत्तीत मेयर यांनी ते कलमच वगळले. रूढी मोडणाऱ्यावर तिचे काम चालविण्याचीही जबाबदारी येते, हा धडा वेबपाने रचणाऱ्यांच्या व्यवसायाला असा व्यवहारातूनच मिळाला. आणि निकोलस गॅलघर व जोनाथन नील यांच्या ‘नॉर्मलाइझ’ या शैलीपत्रकाने उपयुक्त वहिवाट कायम राखून केवळ विसंगती दूर करण्याचा मध्यममार्ग पत्करला. पुढे एचटीएमएलच्या प्रमाणग्रंथातच ब्राउझरांनी पाळावयाच्या मूळ शैलीची तपशीलवार नोंद झाल्याने तंट्याचे कारणच बरेचसे उरले नाही, आणि आता तर ‘रिव्हर्ट’ एवढे लिहून लेखकाला आपला हुकूम मागे घेता येतो व मूळ वहिवाट पूर्ववत चालू करता येते.