शस्त्रक्रियापूर्व तपासणीत आढळणारे सुप्त आजार

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण भूल व शस्त्रक्रिया सहन करू शकेल का, हे ठरवण्यासाठी केलेल्या तपासणीत काही वेळा पूर्वी निदान न झालेला आजार उघडकीस येतो. मधुमेह, उच्च रक्तदाब व रक्तक्षय हे त्यांत विशेष आढळतात. या तपासणीस बोलीभाषेत 'फिटनेस' म्हणतात.

मधुमेह

मधुमेह अनेक वर्षे लक्षणांवाचून राहू शकतो. मधुमेहींना मोतीबिंदू लवकर होत असल्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी तो प्रथमच लक्षात येणे स्वाभाविक आहे. दाट मोतीबिंदूमुळे डोळ्याचा पडदा नीट तपासता येत नाही. मधुमेहाने पडदाही बिघडलेला असल्यास शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही दृष्टी अपेक्षेइतकी सुधारत नाही आणि दोष मात्र शस्त्रक्रियेला दिला जातो.

भीती, वेदना किंवा जंतुसंसर्ग यांमुळेही रक्तशर्करा तात्पुरती वाढते. म्हणून मागील २ ते ३ महिन्यांची सरासरी दर्शवणारी एचबीए१सी चाचणी करतात, ६.५ टक्के वा अधिक मूल्य मधुमेह सुचवते. रक्तक्षय किंवा सिकलसेल असल्यास ही चाचणी दिशाभूल करू शकते. अनियंत्रित मधुमेहात जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे तातडीची नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते.

अन्य आजार

रुग्णालयातील धास्तीने रक्तदाब वाढतो, त्यामुळे एका नोंदीवरून निदान करत नाहीत. ब्रिटनमधील तज्ज्ञसंस्थांच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेनुसार, पूर्वीच्या नोंदी नसल्यास १८०/११० पेक्षा कमी रक्तदाबावर नियोजित शस्त्रक्रिया करता येते. घोरण्यामागील निद्राश्वासरोध प्रश्नावलीनेही ओळखता येतो. विदर्भ व नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेल चाचणीला विशेष महत्त्व आहे, कारण या आजारात प्राणवायूची कमतरता, थंडी व निर्जलीकरण यांमुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तप्रवाह अडू शकतो.

एचआयव्ही चाचणीसाठी भारतात २०१७ च्या कायद्यानुसार रुग्णाची माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे. केवळ संसर्ग आढळला म्हणून उपचार नाकारणे हा त्या कायद्याने निषिद्ध भेदभाव ठरतो.

मतभेद

सरसकट तपासण्यांच्या उपयुक्ततेबद्दल एकमत नाही. अमेरिका व कॅनडातील सुमारे १९ हजार मोतीबिंदू शस्त्रक्रियांच्या, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या चाचण्या केलेल्या व न केलेल्या रुग्णांमधील गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक आढळला नाही. तो निष्कर्ष शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेपुरता आहे. ज्याचे रक्त आयुष्यात प्रथमच तपासले जात आहे, अशा ग्रामीण रुग्णाच्या बाबतीत तपासणीचे प्रयोजन त्याहून व्यापक ठरते. प्रत्यक्षात मात्र शस्त्रक्रियेपुरती साखर इन्सुलिनने आटोक्यात आणली जाते, अहवाल फाइलमध्ये राहतो आणि आपल्याला मधुमेह आहे हे रुग्णाला घरी जाताना स्पष्टपणे सांगितले गेलेले नसते, असेही घडते.