विश्वास होता, कागदही होता; मग सुप्यात काय पेटलं?

मी भिवंडीचा. आमच्याकडे लूमचा धंदा बराचसा शब्दावर चालतो. व्यापारी सूत देतो, कारखानदार मीटरमागे मजुरी घेऊन कापड विणून देतो. बाबांचा एका व्यापाऱ्याशी बारा वर्षांचा व्यवहार, ईद-दिवाळीला येणंजाणं. मंदी आली आणि तो म्हणाला, "मजुरी एवढी ठरलीच नव्हती." बाबांकडे माल पोचल्याच्या चिठ्ठ्या होत्या, पण त्यांवर दर नव्हता. तो खोटं बोलला असं बाबा आजही म्हणत नाहीत. "त्याला वेगळं आठवत होतं," म्हणतात.

मी म्हटलं, लिहून घ्यायचं ना! पण नुसतं लिहिणं पुरतं का? चला 1875 मध्ये.

12 मे, पुणे जिल्ह्यातलं सुपे. शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. मागणी एकच: रोखे आणि वह्या द्या. मिळाल्या तशा जाळल्या. हे लोण तीसहून जास्त गावांत पसरलं.

राग कागदावर का? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला, तेव्हा कर्ज सहज मिळायचं. 1865 नंतर भाव पडले, सारा वाढला आणि सावकारांनी हात आखडला. त्यात 1859 चा मुदतीचा कायदा: रोखा तीन वर्षांपुरताच. म्हणून दर तीन वर्षांनी नवा रोखा, आणि थकलेलं व्याज मुद्दलात जमा. व्याज मुद्दलापेक्षा जास्त नको, ही दामदुपटीची जुनी रीत अशी कागदावर गुंडाळली गेली. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, फेडलेल्या पैशांची पावती मिळत नव्हती. अंगठा मात्र त्याचाच!

म्हणजे करार होता, पण एकाच बाजूला कळणारा.

1879 मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगरसाठी नवा कायदा आला. त्याने कागद रद्द केला नाही, नीट केला. शेतकऱ्याचं कर्जखत गावच्या निबंधकासमोर लिहायचं, पैसे मिळाले की पावती द्यायची, आणि कोर्टाने रोख्यामागचा सगळा व्यवहार तपासायचा. सावकारी काही संपली नाही, पण मुद्दा पटतो.

आपणही अॅपवर न वाचता 'मान्य' दाबतोच की.

बाबा पुन्हा त्याच व्यापाऱ्याचं काम करतात. आता दर, मीटर आणि पैशाची तारीख व्हॉट्सअॅपवर, दोघांना वाचता येईल अशा हिंदीत. पहिला मेसेज पाठवताना ते अडखळले, "त्याला वाईट वाटेल रे." पाच मिनिटांत उत्तर आलं, दरात एक दुरुस्ती सुचवून. बाबा हसले. यंदा भांडण आधीच मिटलं होतं.

भेटू पुढच्या भागात.