विंडोज रीसेट व अपुरी डिस्क-जागा

विंडोज रीसेट : संगणकावरील विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टिम त्याच ड्राइव्हवर नव्याने बसवण्याची अंगभूत सोय. विंडोज ८ मध्ये (२०१२) ‘रिफ्रेश’ आणि ‘रीसेट’ अशा दोन वेगळ्या सोयी होत्या; विंडोज १० मध्ये (२०१५) त्या ‘रीसेट धिस पीसी’ या नावाखाली एकत्र आल्या. तिच्यातील ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय निवडल्यास वापरकर्त्याच्या फाइली राहतात, मात्र त्याने बसवलेले प्रोग्रॅम आणि बदललेली सेटिंग्ज जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ या पर्यायात फाइलीही पुसल्या जातात.

रीसेटसाठी विंडोज ८ ला डिस्कवर राखून ठेवलेली, सिस्टिमची काही जीबींची स्वतंत्र प्रत (इमेज) लागे. विंडोज १० ने ती गरज संपवली. नवी प्रत डिस्कवरील सिस्टिम फाइलींमधूनच तयार होते. २०२० पासून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून सुमारे ४ जीबी माहिती उतरवून घेणारा ‘क्लाउड डाउनलोड’ हा पर्यायही मिळाला.

जुनी सिस्टिम काढण्याआधी नवी जुळवली जात असल्याने काही काळ दोन्हींना ड्राइव्हवर जागा लागते. ती नसल्यास रीसेट पुढे सरकत नाही आणि जागा मोकळी करण्याची सूचना येते. म्हणजे जागा कमी पडते म्हणून रीसेट करू पाहणाऱ्यालाही आधी थोडी जागा करावी लागते. ३२ जीबी ईएमएमसी साठवण असलेल्या स्वस्त लॅपटॉप व टॅब्लेटवर ही अडचण विशेष जाणवते. त्यातील साठवण-चिप मदरबोर्डवरच जोडलेली असल्याने सहसा बदलता येत नाही. विंडोज ११ साठी (२०२१) किमान ६४ जीबी साठवण आवश्यक ठरवण्यात आली.

जागा मिळवण्यासाठी सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ विभागातून किंवा ‘डिस्क क्लीनअप’मधून तात्पुरत्या फाइली, रिसायकल बिन आणि अपडेटचे अवशेष काढतात. मोठ्या अपडेटनंतर उरणारे ‘विंडोज.ओल्ड’ हे फोल्डर अनेक जीबींचे असते. ते साधारण १० दिवसांनी आपोआप जाते, परंतु आधीही काढता येते. हायबरनेशन बंद केल्यास त्याची मोठी फाइल नाहीशी होते. फोटो, व्हिडिओ बाह्य ड्राइव्हवर हलवतात. ‘विनएसएक्सएस’ हे सिस्टिमचे फोल्डर मात्र हाताने पुसू नये. त्यातील फाइलींवर अपडेट आणि रीसेट दोन्ही अवलंबून असतात.

एवढ्यानेही जागा न झाल्यास दुसऱ्या संगणकावर ‘मीडिया क्रिएशन टूल’ वापरून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज घेतात, त्यावरून संगणक सुरू करतात आणि जुने विभाजन पुसून नवी प्रत बसवतात. यात त्या विभाजनावरील सर्व माहिती जाते. पूर्वी सक्रिय केलेली विंडोज त्याच यंत्रावर पुन्हा बसवल्यास, डिजिटल परवाना असेल तर ती इंटरनेटला जोडताच बहुधा आपोआप सक्रिय होते.

कोणत्याही मार्गाने जाण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर ठेवणे, ड्राइव्ह कूटबद्ध करणारी ‘बिटलॉकर’ ही सोय सुरू असल्यास तिची रिकव्हरी की हाताशी असणे आणि लॅपटॉप चार्जरला जोडलेला असणे आवश्यक असते. रीसेटने मुख्यतः प्रोग्रॅम व सिस्टिमच्या अवशेषांनी व्यापलेली जागा सुटते. ड्राइव्ह वैयक्तिक फाइलींनीच भरलेला असेल, तर ‘कीप माय फाइल्स’नंतरही जागेत फारसा फरक पडत नाही.