नव्या यंत्रावर जुन्या आज्ञावल्या

नवे यंत्र आले म्हणजे जुन्या यंत्रासाठी झालेल्या श्रमांचे काय करावयाचे, हा प्रश्न संगणकाच्या इतिहासात पुनःपुन्हा उभा राहिला आहे. संगणकाला आज्ञा कळतात त्या त्याच्या घडणीनुसार. घडण बदलली की त्याची भाषाही बदलते आणि कालपर्यंत बिनचूक चालणारी आज्ञावली आज अगम्य ठरते.

१९६४ साली आय. बी. एम. कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ ही नवी यंत्रमाला जाहीर केली. १९५९ सालच्या ‘१४०१’ या यंत्रावर हजारो कचेऱ्यांचे हिशेब चालत होते. त्यांच्या आज्ञावल्या नव्या यंत्रास समजत नव्हत्या. तेव्हा अभियंत्यांनी नव्या मालेतील लहान यंत्रांतच जुन्या आज्ञा समजून घेण्याची सोय केली. ग्राहकाला जुने काम टाकावे लागले नाही.

हाच पेच पुढे ३२ बिटांच्या संगणकांपुढे आला. १९८५ सालच्या इंटेलच्या ‘८०३८६’ पासून ही घडण रूढ झाली. परंतु ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते मावतात. त्यापलीकडील स्मृती एका आज्ञावलीला सहजी वापरता येत नाही. यावर इंटेलने २००१ साली ‘इटॅनियम’ ही सर्वस्वी निराळी ६४ बिटांची घडण बाजारात आणली. तिच्यावर जुन्या आज्ञावल्या चालत, पण फार मंद. २००३ साली ए. एम. डी. कंपनीने उलट वाट धरली. तिने जुन्या घडणीलाच नवा मजला चढविला. दोन्ही प्रकारच्या आज्ञावल्या एकाच यंत्रावर वेगाने चालू लागल्या. २००४ साली इंटेललाही त्याच वाटेने यावे लागले.

तथापि यंत्राला जुनी भाषा कळली म्हणजे सारे झाले असे नव्हे. नव्या यंत्रावर बसून जुन्या घडणीची आज्ञावली सिद्ध करता येते. कंपायलरला तसे सांगावे लागते, इतकेच. खरी अडचण पुढेच आहे. कोणतीही आज्ञावली एकटी उभी राहत नाही. छापणे, मोजणे, चित्र काढणे यांसाठी ती तयार लायब्रऱ्यांवर विसंबते. ३२ बिटांच्या आज्ञावलीला ६४ बिटांची लायब्ररी जोडता येत नाही. म्हणून एकाच यंत्रावर लायब्रऱ्यांचे दोन संच नांदवावे लागतात. मग सरळ नव्या घडणीसाठीच आज्ञावली का सिद्ध करू नये? कारण तेथे पत्ता ४ बाइटांऐवजी ८ बाइटांचा होतो आणि जुना हिशेब गृहीत धरून लिहिलेल्या ओळी दगा देतात. शिवाय कित्येकांचा मूळ मजकूरच उपलब्ध नसतो.

हे दोन संच सांभाळण्यास माणसे लागतात. २०१९ च्या जून महिन्यात ‘उबुंटू’ या प्रणालीच्या चालकांनी ३२ बिटांचा संच बंद करण्याचे जाहीर केले. वापरणाऱ्यांचा विरोध होताच काही दिवसांत निवडक भाग राखण्याचे मान्य केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ॲपलच्या नव्या प्रणालीने मात्र ३२ बिटांच्या आज्ञावल्या चालविणेच थांबविले. त्या आज्ञावल्यांत कोणताही बिघाड झाला नव्हता. त्यांचा आधार तेवढा काढून घेतला गेला.

मोडी दप्तराची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. कागद शाबूत, शाई शाबूत. परंतु वाचणारा नसेल तर दप्तर असून नसल्यासारखे. आज्ञावलीचेही तसेच आहे. ती जपावयाची तर तिचा मूळ मजकूर, तिच्या लायब्रऱ्या आणि ती सिद्ध करण्याची रीत ही तिन्ही जपली पाहिजेत. यांतील एक हरवले, तरी उरलेली दोन मुकी होतात.