सरसेनापती मते मागायला येतात तेव्हा : करिअप्पा, मुंबई आणि १९७१ ची निवडणूक

१/
स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती एकदा मुंबईच्या मतदारांपुढे उभे राहिले आणि पराभूत झाले. ज्यांनी पदभार स्वीकारला तो १५ जानेवारी हा दिवस आजही ‘सेना दिन’ म्हणून साजरा होतो, ते जनरल के. एम. करिअप्पा हे त्यांचे नाव. निवृत्त सेनाधिकाऱ्यांनी पक्षीय राजकारणात उतरावे काय, या वादाचे महाराष्ट्रातील मूळ शोधताना ही निवडणूक टाळून पुढे जाता येत नाही.

२/
प्रथम पार्श्वभूमी. १९४९ मध्ये करिअप्पांनी सर रॉय बुचर यांच्याकडून सूत्रे घेतली. फाळणी नुकतीच झाली होती. एकच सेना दोन राष्ट्रांत विभागली गेली होती. सेना मुलकी सत्तेच्या अधीन राहील की नाही, हा प्रश्न तेव्हा पुस्तकी नव्हता. करिअप्पांनी सेनेला राजकारणापासून दूर राहण्याची शिकवण दिली आणि पदावर असताना ती शिस्त सांभाळली.

३/
मात्र त्यांचा स्वभाव मनातले बोलून टाकण्याचा होता. सेनेच्या कक्षेबाहेरील विषयांवरही ते मते मांडत. अखेर १९५२ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी त्यांना पत्र लिहून पत्रकार परिषदा कमी घेण्याचा सल्ला दिला. १९५३ मध्ये ते निवृत्त झाले आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे भारताचे उच्चायुक्त म्हणून गेले.

४/
खरा पेच परतल्यानंतरचा. १९५८ मध्ये पाकिस्तानात लष्कराने सत्ता हाती घेतली. अविभाजित भारताच्या सेनेत आपल्यासोबत वावरलेल्या त्या अधिकाऱ्यांची करिअप्पांनी जाहीर प्रशंसा केली. सुमारे दहा वर्षांनी त्यांनी एका इंग्रजी दैनिकाकडे लेख पाठवला. पश्चिम बंगालमध्ये किमान पाच वर्षे राष्ट्रपती राजवट असावी, असे त्यात सुचवले होते. संपादकांनी तो न छापता परत केला. ज्याने सेनेला राजकारणापासून अलिप्त ठेवले, त्याचाच निवडून आलेल्या सरकारांवरील विश्वास ओसरू लागला होता.

५/
आता मुंबईकडे वळू. संरक्षण हा विषय या शहराच्या निवडणुकीत १९७१ पूर्वीच आला होता. १९५९ मध्ये संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी मतभेद होऊन सेनाप्रमुख थिमय्या यांनी राजीनामा दिला आणि नेहरूंच्या आग्रहावरून तो मागे घेतला. १९६२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईत मेनन यांच्यासमोर आचार्य कृपलानी उभे राहिले. मेनन जिंकले. त्याच वर्षी चीनकडून पराभव झाला आणि त्यांना मंत्रिपद सोडावे लागले.

६/
१९६७ मध्ये काँग्रेसने मेनन यांना उमेदवारी नाकारली. ते ईशान्य मुंबईतून अपक्ष लढले. समोर काँग्रेसचे स. गो. बर्वे होते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने मेनन यांच्याविरुद्ध प्रचार केला. त्यांचे दाक्षिणात्य असणे हाही प्रचाराचा मुद्दा झाला. मेनन हरले.

७/
पुढील प्रसंगातील विसंगती येथेच आहे. १९६९ च्या फेब्रुवारीत सीमाप्रश्नावरून शिवसेनेच्या आंदोलनाने मुंबई पेटली होती आणि रोख तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, त्याच राज्यातील कोडगूचे सुपुत्र करिअप्पा वायव्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले आणि शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला. भाषेच्या राजकारणात जे अंतर ओलांडणे अशक्य वाटे, ते गणवेशाच्या प्रतिष्ठेने सहज पार केले.

८/
त्यांच्या विरोधात काँग्रेसचे ह. रा. गोखले होते. ते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती होते. ‘गरिबी हटाओ’च्या लाटेत इंदिरा गांधींच्या पक्षाने देशभर ३५२ जागा जिंकल्या. गोखलेही निवडून आले आणि पुढे केंद्रीय कायदामंत्री झाले. सत्तरी ओलांडलेल्या सरसेनापतीला मुंबईकरांनी आदर दिला, मत दिले नाही.

९/
हा पराभव करिअप्पांचा अपमान होता काय? इतिहास तसे सांगत नाही. १९८६ मध्ये राष्ट्राने त्यांना फील्ड मार्शल हा सर्वोच्च हुद्दा बहाल केला. शेजारच्या देशात सेनापती सत्ता घेत होते. येथे सेनापतीला एका न्यायाधीशासमोर हात जोडून मते मागावी लागली आणि निकाल निमूट स्वीकारावा लागला. लोकशाहीच्या दृष्टीने १९७१ ची ही छोटी लढत म्हणूनच मोलाची आहे.

१०/
करिअप्पा पहिले नव्हते. सावंतवाडी परिसरातील जगन्नाथराव भोसले हे ब्रिटिश हिंदी सेनेतून आझाद हिंद सेनेत गेलेले अधिकारी. १९५२ मध्ये ते काँग्रेसतर्फे रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर गेले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. १९५४ मध्ये त्यांनी निर्वासित मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. १९९१ मध्ये त्याच कोकणात, राजापुरात, सेनेतून आलेले सुधीर सावंत काँग्रेसतर्फे निवडून आले आणि मधू दंडवते यांच्यासारख्या दिग्गजाला पराभव पत्करावा लागला.

११/
गोव्याचेही उदाहरण आहे. १९६१ च्या मुक्तिमोहिमेत भूदलाचे नेतृत्व करणारे आणि नंतर गोव्याचे लष्करी राज्यपाल झालेले के. पी. कँडेथ निवृत्तीनंतर भारतीय जनता पक्षात गेले. १९७१ च्या ढाका मोहिमेतील जे. एफ. आर. जेकब हेही त्याच पक्षात गेले आणि १९९८ मध्ये गोव्याचे राज्यपाल झाले. दुसऱ्या टोकाला माजी नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास. निवृत्तीनंतर ते अलिबागजवळ स्थायिक झाले, शांतता चळवळीत राहिले आणि आम आदमी पक्षाचे अंतर्गत लोकपाल झाले. २०१५ च्या पक्षफुटीत त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. गणवेश एकाच विचाराचा नसतो, याचा हा पुरावा.

१२/
कायदा काय म्हणतो? सेवेतील सैनिकाला राजकीय कार्यात भाग घेता येत नाही. मत मात्र देता येते. निवृत्तीनंतर तो पूर्ण नागरिक असतो. म्हणजे कायद्याने प्रश्न सुटतो, पण संकेताचा प्रश्न उरतो. नावामागे राहणारा ‘जनरल’ हा शब्द त्या व्यक्तीची कमाई की संपूर्ण सेनेची ठेव?

१३/
२०१९ मध्ये हा प्रश्न उघडपणे पुढे आला. प्रचारफलकांवर सैनिकांची छायाचित्रे झळकली आणि निवडणूक आयोगाला २०१३ ची आपली सूचना पुन्हा काढावी लागली : सैनिकांची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत. त्यानंतर दीडशेहून अधिक निवृत्त सैनिकांच्या नावे राष्ट्रपतींना पत्र गेले : सेनेचा राजकीय वापर थांबवावा. परंतु यादीतील काही ज्येष्ठांनी आपली संमती नव्हती, असे सांगितले. सेनेला राजकारणापासून दूर ठेवण्याचे आवाहनही अशा रीतीने राजकीय वादात सापडले.

१४/
चंद्रपूर-गडचिरोलीच्या तरुण वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. भद्रावतीला आयुधनिर्माणी आहे. बल्लारपूरजवळ विसापूर येथे २०१९ मध्ये सैनिकी शाळा उभी राहिली. गडचिरोलीच्या जंगलात सी-६० आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान वर्षानुवर्षे उभे आहेत. ते सेनेचे नव्हेत, पण गणवेशाचा मान आणि त्याची जोखीम या भागाइतकी जवळून क्वचितच कोणी पाहिली असेल. उद्याचे अधिकारी या जिल्ह्यांतूनही घडतील, आणि कधीतरी निवृत्तही होतील.

१५/
निवृत्त अधिकाऱ्याने बोलू नये, असा धडा या इतिहासातून निघत नाही. भोसले, करिअप्पा, रामदास, सर्वांना तो अधिकार होता. पण त्यांचा शब्द त्यांच्या पदकांवर नव्हे, युक्तिवादावर तोलला जावा. वायव्य मुंबईच्या मतदारांनी १९७१ मध्ये नेमके हेच केले : सरसेनापतीला सलाम केला आणि उमेदवाराला इतर उमेदवारांच्या रांगेत उभे केले.