कमलाबाई सोहोनी आणि जीवरसायनाचा व्यवसाय

नागपुरास गांधीसागर तलावाजवळ रमण विज्ञान केंद्र आहे. सुटीच्या दिवशी मुलाबाळांस घेऊन तेथे जाणाऱ्या गृहस्थांपैकी फार थोड्यांस हे ठाऊक असते की, ज्यांचे नाव त्या वास्तूस दिले आहे, ते चंद्रशेखर वेंकट रमण १९१० साली याच शहरी सरकारी अर्थखात्याचे अधिकारी म्हणून राहून गेले होते. त्या काळी शास्त्रावर पोट भरण्याची सोय आपल्या देशात जवळजवळ नव्हतीच. म्हणून या बुद्धिमान तरुणाने जमाखर्चाचे खाते पत्करले आणि संशोधनाची हौस कचेरीबाहेरच्या वेळात भागविली. १९१७ साली कलकत्ता विद्यापीठातील प्राध्यापकाची जागा स्वीकारली, तेव्हाच त्यांस शास्त्र हा व्यवसाय करता आला.

हे आठवण्याचे कारण असे की, सोळा वर्षांनी हेच रमण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक असताना एका मराठी मुलीने त्या संस्थेचे दार ठोठावले व त्यांनी ते उघडण्यास साफ नकार दिला. मुलीचे नाव कमला भागवत. जन्म इंदूरचा, १९११ सालचा. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि याच संस्थेचे जुने विद्यार्थी. तेव्हा मुलीनेही तेथेच जावे, हे घरात ठरल्यासारखेच होते. मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत १९३३ साली ती पहिली आली होती. उणीव होती ती इतकीच की, ती मुलगी होती.

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. समक्ष भेटून त्यांनी नकाराचे कारण विचारले, हट्ट धरला, आणि अखेर प्रवेश मिळाला. परंतु तो अटींवर. एक वर्ष उमेदवारीचे. संचालकांचे समाधान होईपर्यंत कामास मान्यता नाही. आणि त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये! ही शेवटची अट वाचून आज हसू येते. त्यांना ती मुकाट्याने सोसावी लागली. हा अपमान त्या कधीच विसरल्या नाहीत. रमण थोर शास्त्रज्ञ, पण मनाने संकुचित, असे त्यांनी उतारवयातही उघडपणे बोलून दाखविले. मोठ्या माणसाची चूक झाकून ठेवणे हा आपल्याकडे विनय समजला जातो. तो त्यांनी पाळला नाही, हे मला तरी योग्य वाटते. वर्षअखेर रमणांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेत मुलींस प्रवेश मिळू लागला.

बंगळूरास श्रीनिवासय्या नावाचे कडक गुरू त्यांस लाभले. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत काम. विषय दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा. पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या त्या विख्यात प्रयोगशाळेत जागेची इतकी टंचाई की, रिश्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल दिवसा त्यांस देऊन स्वतः रात्री काम करावयाचे पत्करले. बंगळूरच्या दारावरील अनुभवानंतर हे टेबल त्यांस केवढे मोलाचे वाटले असेल! नंतर रॉबिन हिल यांच्या हाताखाली बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी हे लोहयुक्त रंगद्रव्य आढळले. प्राण्यांच्या पेशींत श्वसनाचे काम चालविणारे हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही तेच काम करते, असे त्यांनी दाखविले. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. आमच्याकडील प्रबंधांची जाडी पाहता ही गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते.

१९३९ साली त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभाग सांभाळला, मग कुन्नूरच्या पोषणसंशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांचे काम केले. १९४७ साली विवाह होऊन त्या सोहोनी झाल्या व मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापिका म्हणून राहिल्या.

येथे त्यांच्या विद्येचे खरे स्वरूप दिसते. जीवरसायन म्हणजे सजीवांच्या देहात चालणाऱ्या रासायनिक घडामोडींचे शास्त्र. पण कमलाबाईंनी ते आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आणून सोडले. नीरा हे गरिबांचे पेय. त्यात कोणती जीवनसत्त्वे व किती लोह आहे, हे त्यांच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. वाल आणि डबल बी यांत प्रथिनांचे पचन अडविणारी द्रव्ये असतात. ती स्फटिकरूपात वेगळी केल्याचे त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्याचे टिपण १९५५ साली 'नेचर' या पत्रात आले. अशी पुष्कळ द्रव्ये उष्णतेने निकामी होतात. वाल नीट शिजवावेत, हे आमच्या आज्यांस ठाऊक होते. का शिजवावेत, हे कळावयास स्फटिक काढावे लागले.

आमच्या नागपूर विद्यापीठातही जीवरसायनाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि या विषयात मुलामुलींस घालावे की नाही, हा प्रश्न घरोघर निघतो. आईबाप प्रथम पगार विचारतात. ते चुकीचे नाही. रमणांसही तो विचारावा लागला होता. पण कमलाबाईंच्या चरित्रावरून दिसते की, जागा मिळाल्यावरही वाट सरळ असतेच असे नाही. ज्या विज्ञान संस्थेत त्यांनी उभी हयात घालविली, तिचे संचालकपद त्यांस चार वर्षे अडवून मग दिले गेले. निवृत्तीनंतर त्या ग्राहकांच्या चळवळीत शिरल्या व अन्नातील भेसळीवर लिहू लागल्या.

१९९८ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांस सत्कारासाठी दिल्लीस बोलाविले. ऐंशी वर्षे उलटून गेली होती. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत निवर्तल्या.